चार बोटं

सोमवार, ३

कॉलेजची एक जर्नल अर्धी कोरी उरली होती, तिच्यातच लिहायला घेतलंय. पहिल्या पानांवर लेथ मशीनच्या आकृत्या आहेत. फाडणार होतो, पण आई दारात येऊन नुसती बघत उभी राहिली. मग ठेवल्या.

आज बाबांशी वाजलं. खरं तर मीच वाजलो, ते नुसते उभे होते. आमचा धंदा म्हणजे पिकअपमागे ट्रेलर लावून बंद पडलेल्या गाड्या आणि यंत्रं ओढायची. धंदा बाबांचा, मी चार महिन्यांपासून त्यांच्या शेजारच्या सीटवर. काल ट्रेलरवर जनरेटर होता. हुकावर भार आला की आमची गाडी शेपटी खाली टाकते आणि नाक वर करते. हेडलाइट रस्ता सोडून झाडांच्या शेंड्यांवर. समोरून येणारा प्रत्येक जण आमच्या सात पिढ्यांची आठवण काढत जातो. पुढची चाकं हलकी होतात, स्टिअरिंग हातात असून नसल्यासारखं. हे मला बाबांनी सांगितलं. मला स्टिअरिंग मिळतंय कुठे? लायसन्स खिशात आहे, पण "तुझं डोकं थंड झालं की देईन." झालं.

जनरेटरवाल्या कंपनीचं काम वर्षभरासाठी मिळू शकतं. २२ तारखेला डोंगरापलीकडच्या शीतगृहात एक जनरेटर पोचवायचा, ती आमची परीक्षा. ही परीक्षा मी मधेच सोडून येणार नाही. (हे वाक्य आईला दाखवायला हवं.)

म्हटलं, मागे एअर बॅग बसवू. स्प्रिंगच्या पाट्यांच्या जोडीला, चेसिस आणि एक्सलच्या मधे, दोन रबरी फुगे. हवा भरली की मागची बाजू उचलून धरतात.

"हवेवर भार टाकायचा?" बाबा म्हणाले.

"टायरमध्ये काय वाळू भरलीय?"

यावर ते हसले आणि वाकून चाक आणि मडगार्डच्या मधे हात घातला. हा त्यांचा नियम. माल चढला की त्या फटीत बोटं आडवी घालायची. चार मावली तर निघायचं, तीनच मावली तर माल उतरवायचा. मग गिऱ्हाईक कितीही मोठं असो. गाडीची कंपनी दाराच्या पट्टीवर भाराचे आकडे छापून देते, ते यांच्या गावीही नाहीत.

"पंचवीस वर्षं बोटांनी फसवलं नाही," म्हणाले.

विज्ञान कुठे गेलं, आणि आमच्या घरात बोटं मोजतात.

मंगळवार, ४

आज काट्यावर गेलो. काटा म्हणजे वजनकाटा, आणि काट्यावरची म्हणजे ती.

सुट्या भागांच्या दुकानदाराने फोनवर सांगितलं होतं, आधी वजनं आणा, मग फुगे निवडू. रिकामी गाडी, फक्त मागचा एक्सल, आणि जनरेटर लादलेला ट्रेलर जोडून पुन्हा मागचा एक्सल. तीन वेळा वजन! मी देवाचे आभार मानले. एरवी भंगाराच्या गाडीचं एकदाच होतं आणि दोन मिनिटांत खिडकी मागे पडते.

रिकाम्या गाडीच्या वेळी गाडी मी काट्यावर घेतली (तेवढं वीस फूट मला चालवू देतात) आणि आतच बसून राहिलो. तिने खिडकीतून डोकं काढलं.

"चालक आत आहे. वजा करायचा का?"

"काय?"

"तुमचं वजन. गाडीचं हवंय ना? की तुमच्यासकट?"

मागच्या ट्रकवाल्याला हसू आवरेना. मी उतरलो. कान इतके तापले की त्यांच्यावर पाणी उकळलं असतं.

पण एक गोष्ट इथे लिहून ठेवतो, कुणाला सांगणार नाही. तिच्या प्रिंटरची शाई नेहमी फिकट असते. बाकी सगळ्यांना ती पावती तशीच सरकवते. आमच्या पावतीच्या मागे मात्र आकडा काळ्या मार्करने लिहून देते, जाड, अंगठ्याएवढा. आणि वर मोठ्याने वाचूनही दाखवते. "काका, मागच्या एक्सलवर सतराशे चाळीस!" म्हणायचं काका, ऐकवायचं कुणाला ते मला कळतं. आज तीन धरून अशा चौदा पावत्या माझ्याकडे आहेत. बाबा पावती हातभर लांब धरतात, मान डोलावतात, आणि माझ्याकडे देतात. म्हणून तर त्या साठल्या.

स्वर्ग दोन बोटं उरला होता. बाबा म्हणाले, "गाणं बंद कर आणि हूक सोडव."

गुरुवार, ६

दुकानात गेलो. दुकानदार सावकाश बोलणारा माणूस आहे, प्रत्येक वाक्य कपाटातून काढून पुसून देतो. लिहून घेतलं ते असं.

दोन्ही फुग्यांना एकच नळी घ्यायची नाही. वळणावर ज्या बाजूला भार येतो तिकडची हवा पळून दुसऱ्या फुग्यात जाते आणि गाडी अजून कलते. नळ्या दोन, वेगवेगळ्या. फुगा एक्झॉस्टपासून लांब, नाहीतर भाजतो, मधे पत्रा लावायचा. रिकाम्या गाडीतही हवा पूर्ण सोडायची नाही, फुगा स्वतःत दुमडून फाटतो. मोठा फुगा म्हणजे चांगला फुगा नव्हे. आमच्या वजनाला मधला पुरे.

"आणि एक," तो म्हणाला, "फुगा गाडी सरळ करतो. गाडीची ताकद वाढवत नाही. दाराच्या पट्टीवर मागच्या एक्सलला एकोणीसशे लिहिलंय, तर एकोणीसशेच. समजलं?"

समजलं. यात न समजण्यासारखं काय आहे? तेव्हा मी खरं तर हे बघत होतो, की त्याच्या काउंटरवरही तसाच काळा मार्कर होता. विचारलं कुठे मिळतो. तो म्हणाला, कुठेही.

शनिवार, ८

पाटेवाले काका घरी आले होते. बाबांचे जुने दोस्त, भट्टीवर पाटे वाकवून देतात. मला कुकर म्हणतात.

"काय कुकर, आज किती शिट्ट्या?"

त्यांचं म्हणणं, फुगे-बिगे नको, दोन्हीकडे एकेक पाटा वाढवू. मी म्हटलं, मग रिकामी गाडी बकरीसारखी उड्या मारेल, बाबांच्या कमरेचं काय? काकांना चक्क पटलं. बाबांनी माझ्याकडे असं पाहिलं की... जाऊ दे. चहा ओतताना त्यांच्याकडून कपाच्या बाहेर सांडला. आईने पुसला आणि कप त्यांच्या हातात दिला. फुगे ठरले.

रविवार, ९

ठरले म्हणता म्हणता घोडं पेंड खाऊ लागलं. हवा भरायची कशी, यावर सकाळपासून भांडण.

मला गाडीतच छोटा कंप्रेसर हवा. डॅशबोर्डवर बटणं आणि दोन बारीक काटे, डावा आणि उजवा. बसल्या जागी हवा कमी-जास्त. बाबांना हवेत नंबरप्लेटजवळ दोन साधे व्हॉल्व्ह आणि पायपंप.

"दर वेळी उतरून पंप मारणार?"

"मारीन. पंचवीस मारले की पुरे. मोजता येतात."

"काट्यावर आकडा दिसतो ना, मोजायचं कशाला?"

"मी रस्ता बघू का काटे बघू?" एकदम चढला आवाज. बाबांचा! मग लगेच उतरला. "घे तुला हवं ते. तू बघत जा काटे."

जिंकलो, पण जिंकल्यासारखं वाटलं नाही. म्हातारपण दुसरं काय? नवीन काही आलं की यांच्या अंगावर काटा येतो.

बुधवार, १२

फुगे बसले! दुकानदाराचा माणूस आणि मी, सकाळपासून गाडीखाली. ब्रेकची नळी घासत होती, ती मी पाहिली, त्याने नाही. साबणाचं पाणी लावून गळती तपासली. संध्याकाळी जनरेटरचा ट्रेलर जोडला आणि बटण दाबलं. गाडीने कंबर सरळ केली. अशी, शाळेत बाई आल्यावर पोरं करतात तशी. हेडलाइट रस्त्यावर.

बाबांनी बोटं घातली. चार, आणि वर एक मावेल एवढी जागा.

"अरे वा," म्हणाले आणि मडगार्डवर थाप मारली. मग, "पण आता अंधार पडतोय, जनरेटर सकाळी कंपनीत परत करू." हल्ली दिवस कलला की त्यांना घराची ओढ लागते.

मला तिला दाखवायचीय. गाडी. काट्यावरचीला.

शुक्रवार, १४

हे लिहिताना पेन कागदातून आरपार जातंय.

एकटाच चालत गेलो काट्यावर. गर्दी नव्हती. फुग्यांचं सगळं सांगितलं, दोन नळ्या का, एक का नाही. तिने नीट ऐकलं, एक प्रश्नही विचारला, की मग गाडी बसली नाही तर भार जास्त झालाय हे कळणार कसं? मी म्हटलं, काटे आहेत ना डॅशबोर्डवर. ती म्हणाली, ते हवा दाखवतात, वजन नाही. मी म्हटलं, एकच ते. आणि त्याच झोकात विचारून टाकलं.

"एक विचारू? आमच्याच पावतीवर मार्कर का?"

तिने मार्करचं टोपण लावलं. मग हळू म्हणाली, "ते तुमच्यासाठी नाहीये."

"मग कुणासाठी?"

"घरी विचारा."

घरी विचारा! म्हणजे आई-बापांना घेऊन या, की घरी जाऊन आरशात तोंड बघा? मी म्हटलं, "कळलं," आणि निघालो. तिने मागून हाक मारली, "अहो, ऐका तरी," पण मी ऐकणारा कोण? माझ्यासाठी नाहीये. चौदा पावत्या. चौदा!

सोमवार, १७

पावत्या जाळणार होतो. बंबात टाकायला गेलो तर आईने विचारलं, काय आहे? म्हटलं, कचरा. तिने हातात घेऊन पाहिल्या आणि म्हणाली, "किती छान मोठं अक्षर आहे पोरीचं." आणि स्वयंपाकघरात डब्यावर ठेवून दिल्या. आमच्या घरात माणसाला धड दुःखही करू देत नाहीत.

गुरुवार, २०

झोप नाही. जेवण नाही. ट्रेलरचा बोल्ट दोनदा उलटा बसवला. बाबा हूक लावताना बघत नाहीत, हाताने चाचपून लावतात. मी म्हटलं बघा की जरा, तर म्हणाले, "हूक हाताला कळतो."

आई मला बाजूला घेऊन म्हणाली, "परवा डोंगरातून जाताना त्यांना वळणं सांगत जा हं."

"त्या रस्त्यावर ते मी जन्मायच्या आधीपासून जातायत. मी काय वाटाड्या आहे?"

"तरी सांग."

माझ्या डोक्यात काय चाललंय आणि ही वळणं घेऊन बसलीय.

रविवार, २३

कालचं आज लिहितोय. काल पेन हातातच घेतलं नाही.

सकाळी कंपनीच्या आवारात ट्रेलरवर जनरेटर चढला. निघणार इतक्यात सुपरवायझर म्हणाला, बॅटऱ्या आणि केबलचे दोन ड्रम पण टाका पिकअपच्या हौद्यात, तिकडे लागणारच आहेत. बाबा म्हणाले, बघू, गाडी किती बसते. माल चढला. गाडी बसली. मी बटण दाबलं. गाडी उठली.

बाबांनी बोटं घातली. चार.

"काट्यावरून जाऊ या का?" त्यांनी विचारलं. वाटेतच आहे तो.

मी म्हटलं, "गरज नाही. गाडी सपाट उभी आहे. चार बोटं आहेत ना?"

त्यांचीच बोटं मी त्यांना दाखवली. ते म्हणाले, "आहेत खरी," आणि निघालो. काट्यासमोरून जाताना मी मान दुसरीकडे केली. तरी दिसलं, ती खिडकीतून उठून उभी राहिली होती.

चढ ठीक गेला. मी फुगलेल्या तोंडाने बाहेर बघत होतो, एक वळण सांगितलं नाही. ढग उतरले होते, उजेड राखाडी. माथा ओलांडला आणि उतार लागला. बाबांनी खालचा गिअर टाकला तरी ट्रेलर मागून ढकलत राहिला. ब्रेक, सोड, पुन्हा ब्रेक. मग वास आला. जळका, आंबट.

"पेडल खाली जातंय," बाबा शांतपणे म्हणाले. "भार जास्त आहे. बोटं खोटं बोलली." आणि मग, तितक्याच शांत आवाजात, "पुढचं वळण डावं की उजवं?"

मला वाटलं चेष्टा करतायत. समोर होतं की वळण, पांढऱ्या दगडांसकट.

"बाळा, डावं की उजवं?"

"डावं! डावं, आत्ता, बाबा, आत्ता!"

त्यांनी घेतलं. ट्रेलरचं मागचं चाक दगडाला घासून गेलं. "पुढे?" "सरळ. शंभर पावलं सरळ. उजवीकडे मातीचा ढीग आहे, बाजूला जागा आहे." "जागा किती?" "गाडीपुरती." त्यांनी हँडब्रेक थोडा थोडा ओढत गाडी त्या ढिगात घुसवली. माती बॉनेटवर आली. थांबलो.

चाकांतून धूर येत होता. बाबा उतरले, मागच्या चाकाशी गेले आणि सवयीने बोटं घातली. गाडी अजूनही सपाट होती. शहाण्या मुलासारखी सरळ उभी. गाडी बसायची तेव्हा ती बोलायची, की बास आता. मी तिचं तोंड दाबलं, आणि वर टाळ्या वाजवल्या.

"किती दिवस झाले?" मी विचारलं. कशाबद्दल ते सांगावं लागलं नाही.

"वर्ष होईल. काचेवर साय धरल्यासारखं. उन्हात बरं असतं."

"आईला माहितीये?"

"तिला काय माहीत नसतं?"

"मला का नाही सांगितलं?"

ते डोळे मिटून मातीवर बसले. म्हणाले, "तू कॉलेज सोडलंस तेव्हा मी विचारलं का, का सोडलंस? वाटलं, सांगशील. मीही म्हटलं, सांगेन. हे काम हाती आलं की सांगेन." मग हसले. "एकाच भट्टीतले आपण."

मी ओरडणार होतो. माझं सगळं तोंडापर्यंत आलं होतं, की असं गाडी चालवायची? रस्त्यावर दुसरं कुणी असतं तर? पण ते हात मांडीवर ठेवून बसले होते आणि बोटं अजून चार जोडलेलीच होती. नाही ओरडलो. लिहून ठेवतो, कारण आयुष्यात पहिल्यांदाच.

ड्रम आणि बॅटऱ्या उतरवल्या. मालासोबतच्या चलनावर वजन छापलेलं होतं, चारशे वीस किलो. सतराशे चाळीस आणि चारशे वीस, एकवीसशे साठ. पट्टीवर एकोणीसशे. तो कागद सकाळपासून माझ्याच खिशात होता.

सुपरवायझरला फोन करून खरं ते सांगितलं. दुसरी गाडी पाठवतो म्हणाला, आवाज कडू होता. ब्रेक दोन तास थंड होऊ दिले, पेडल पुन्हा कडक झालं का ते चार वेळा पाहिलं. मग बाबांनी किल्ली पुढे केली.

"डोकं थंड आहे का?"

"बर्फ."

"मग चल. पहिल्या गिअरमध्ये. मी वास घेतो, तू बघ."

जनरेटर पोचला. अंधार पडायच्या आत.

बुधवार, २६

डोळ्यांच्या डॉक्टरांनी सांगितलं, दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, निघेल. आधी उजवा, पुढच्या महिन्यात. तोवर स्टिअरिंगला हात लावायचा नाही. बाबा म्हणाले, ट्रेलर मागे घेताना पण नाही? डॉक्टर म्हणाले, खेळण्यातली पण नाही.

कंपनीचा निरोप आला. उद्या अजून एक जनरेटर न्या, त्यानंतर ठरवू. पण प्रत्येक फेरीला वजनाची पावती जोडायची.

घरी आलो तर डब्यावरून आईने पावत्यांचा गठ्ठा काढून बाबांपुढे ठेवला. त्यांनी एकेक उचलून, डोळ्यांपासून हातभर लांब धरून, आकडे वाचले. सगळे वाचता आले. मी भिंतीला टेकून बघत होतो.

घरी विचारा.

मी किती मोठा गाढव आहे हे मोजायला कुठलाही काटा पुरणार नाही.

गुरुवार, २७

सकाळी जनरेटर लादून काट्यावर. गाडी मी चालवत होतो, पुऱ्या रस्त्याने, वीस फूट नव्हे. बाबा शेजारी. मागची चाकं काट्यावर घेतली आणि उतरून खिडकीशी गेलो.

"तुम्हाला कसं कळलं?" मी विचारलं.

"एकदा त्यांनी पावती उलटी धरून वाचली. मान पण डोलावली." ती माझ्याकडे बघत नव्हती. "माझ्या आजोबांचं असंच होतं. त्यांना सांगितलेलं आवडायचं नाही, म्हणून मीच मोठ्याने वाचून दाखवायचे."

"त्या दिवशी मी..."

"हो. तुम्ही." मग म्हणाली, "शनिवारी गाडी सपाट होती, पण टायर बघितले मी. पोट आलं होतं त्यांना. हात केला, तुम्ही बघितलं नाही."

मागच्या ट्रकने हॉर्न दिला. मी पळत जाऊन गाडीत बसलो, घाईत, आणि ती वजन घेऊन मोकळी झाली. गाडी खिडकीशी आली तशी तिने पावती सरकवली. मी उलटून पाहिली. मागे मार्कर नव्हता. कोरी. पुढे तोच फिकट आकडा. तिने मोठ्याने वाचलंही नाही.

"किती?" बाबांनी विचारलं.

"सतराशे नव्वद."

"जोरात वाच. ती वाचते तसं."

"मागच्या एक्सलवर सतराशे नव्वद, बाबा! एकशे दहा शिल्लक!"

"हां," म्हणाले आणि सीटवर टेकून बसले. "आता निघ. अन् हवा बघ."

आकड्याच्या खाली साध्या पेनाने, मुंगीएवढ्या अक्षरात, अजून एक ओळ होती. ती मी मोठ्याने वाचली नाही. शीतगृहाच्या दारात थांबलो तेव्हा पुन्हा वाचली. आत्ता समोर आहे, वाचतोच आहे.

"चालक आत आहे. वजा केलेला नाही."

याचा अर्थ काय लावायचा? नुसती नोंद आहे की आणखी काही? उद्या कुठलीच फेरी नाही. तरी गाडीचं रिकामं वजन पुन्हा एकदा करून घ्यायला हरकत नसावी. फुगे बसल्यापासून ते केलेलंच नाही.